ब्रेक गेलेला ट्रक गोट्यांत का थांबतो, आणि ते गोटे घाटात कुठे टाकायचे

निपाणीजवळ तवंदी घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्या एका तरुणाने विचारलं आहे. उतारावर ब्रेक निकामी होऊन ट्रक उलटतात, पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळतात. गावकरी मिळून निवेदन देणार आहेत: उतार संपतो तिथे क्रशरची खडी टाकून गाड्या थांबवायचा रॅम्प करून द्या. क्रशर जवळच आहे, काम दोन दिवसांचं आहे, असं त्यांचं म्हणणं. तर हा रॅम्प नेमका चालतो कसा, आणि काम इतकं सोपं असेल तर चोर्ला, अनमोड, आंबोली अशा सगळ्याच घाटांत तो सरसकट का करत नाहीत?

माझं सगळं काम रस्त्यांवर झालं आणि त्यातला मोठा भाग घाटांत गेला, म्हणून जरा लांबण लावून लिहितो. निवेदन द्याच. पण त्यातले दोन शब्दप्रयोग बदला: ‘उतार संपतो तिथे’ आणि ‘क्रशरची खडी’. हे दोन्ही तसेच राहिले तर पैसे खर्च होतील, फलक लागेल, फोटो छापून येतील, आणि ज्या दिवशी खरोखर ट्रक येईल त्या दिवशी तो थांबणार नाही. का, ते सांगतो.

आधी ब्रेकचं बघू. ‘ब्रेक फेल झाले’ असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पाइप तुटल्याचं, ब्रेकला दाब देणारी हवा उतरल्याचं चित्र येतं. तसंही होतं, पण लांब उतारावर बहुतेक वेळा झालेलं असतं वेगळंच. ब्रेक तापलेले असतात. कायद्याने दहा चाकी ट्रकला एकूण २८.५ टन वजनाची मुभा आहे. असा ट्रक २०० मीटर उंचीवरून खाली आला की सुमारे साडेपाच कोटी जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सहा टक्क्यांच्या उतारावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर खाली येणाऱ्या रस्त्यावर, त्यातला साधारण पाचवा हिस्सा टायर आणि रस्त्याच्या घर्षणात जातो. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली आणि सगळे ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारे ब्रेकचे लोखंडी डबे, मिळून तीनशे किलो लोखंड धरलं, तर ते लोखंड सुमारे ३०० अंशांनी तापतं. काही उष्णता वाऱ्याने निघून जाते, हिशेब ढोबळ आहे, पण कशाशी गाठ आहे ते कळावं. आणि हा फक्त २०० मीटरचा घाट झाला. चोर्ल्याला किंवा अनमोडला कोकणात, गोव्यात उतरताना उंची यापेक्षा कितीतरी जास्त मोडते.

ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून दाबून धरणाऱ्या शूपासून लांब जातो. शूला आता जास्त अंतर पुढे यावं लागतं. शिवाय शूवरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनर, एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकडच सुटते. ड्रायव्हर पेडल दाबतो, हवा असते, पाइप धड असतो, पण गाडी धरत नाही. मग तो घाबरून पंप मारल्यासारखं पेडल मारतो आणि टाकीतली हवाही संपवतो. यात अन्याय असा होतो की अर्ध्या तासाने ड्रम थंड झाले की तेच ब्रेक लागायला लागतात. गाडी तपासणाऱ्याला ब्रेक ठीक दिसतात आणि ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढंच कागदावर येतं. उताराचा, गिअरचा, वजनाचा विषय तिथेच संपतो.

निष्काळजीपणा नसतोच असं मी म्हणणार नाही. डिझेल वाचतं म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय आपल्याकडच्या फार ड्रायव्हरांना आहे. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर इतके अपघात झाले, आणि त्यांच्या चर्चेत न्यूट्रलचा मुद्दा पुन्हा पुन्हा आला. तो रस्ता आपलाच, राष्ट्रीय महामार्ग ४८. आपल्या भागातून साखर, गूळ, भाजी घेऊन जाणाऱ्या गाड्या तिथूनच जातात. न्यूट्रल केलं की इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर इंजिन मंद फिरतं म्हणून कॉम्प्रेसरही हवा हळू भरतो. आणि डिझेलही वाचत नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत गाडी गिअरमध्ये असून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंधन जवळपास पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन सुरू ठेवायला ते लागतं. हे ड्रायव्हरांना पटवून सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून इथे सांगितलं.

आता वेग किती वाढतो ते पाहा, कारण रॅम्पची जागा यावरच ठरते. ट्रक ताशी ४० किलोमीटरने सहा टक्क्यांचा उतार उतरतोय आणि ब्रेकने पूर्ण हात टेकले. हवेचा विरोध सोडून द्या. पाचशे मीटर पुढे तो ८८ च्या आसपास असेल. एक किलोमीटर पुढे ११५ च्या वर. ब्रेक गेले हे ड्रायव्हरला उमगायला, क्लीनरला ओरडायला, गिअर खाली ओढायचा प्रयत्न करायला जो वेळ जातो त्यातच हे पाचशे मीटर संपतात. आणि वेग वाढल्यावर खालचा गिअर पडतच नाही. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, आणि मग ड्रायव्हरच्या हातात फक्त स्टिअरिंग उरतं.

दुसरीकडे वळणाचं गणित आहे. साठ मीटर त्रिज्येच्या वळणावर उंच भरलेला ट्रक साधारण ५० ते ५५ च्या वेगाला उलटायच्या बेतात येतो. ऊस, कापसाच्या गाठी, भुशाची पोती अशी उंच थप्पी असेल तर त्याहून आधी. म्हणून ‘उतार संपतो तिथे’ हे बहुतेक घाटांत फार उशिराचं ठिकाण ठरतं. वाटेत वळण असेल तर ट्रक तिथपर्यंत पोचतच नाही. वळण नसेल तर तो पायथ्याला सगळ्यात जास्त वेगात पोचतो, म्हणजे तिथे रॅम्पही सगळ्यात लांब लागतो, आणि नेमकी तिथेच वस्ती, फाटा, ढाबे, जागेचा दर सगळं असतं. रॅम्पचं तोंड हवं ब्रेक सुटण्याच्या नेहमीच्या जागेच्या खाली आणि गाडी उलटवणाऱ्या वळणाच्या वर. या दोन खुणांच्या मधला पट्टा सापडला की अर्धं काम झालं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो: खडीत ट्रक थांबतो म्हणजे काय होतं?

खळ्यावर हरभऱ्याची मोकळी रास असते, तिच्यावर पाय टाकून बघा. पाय घोट्याच्या वर आत जातो, दाणे बाजूला सरकतात, आणि पुढचं पाऊल टाकायला पाय त्या खड्ड्यातून वर काढावा लागतो. पाच पावलांत दम लागतो. गोल गोट्यांच्या पट्ट्यात चाकाचं तेच होतं. चाक रुततं, स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढायला बघतं, पुढचे गोटे ढकलतं, ते सरकतात, चाक पुन्हा रुततं. ट्रकची सगळी गती गोटे उसकटण्यात आणि एकमेकांवर घासण्यात जाते. ब्रेकचा इथे संबंधच नाही. ब्रेक शाबूत असोत वा जळून गेलेले असोत, गाडी सारखीच थांबते. या उपायाचं सगळं मोल यातच आहे.

म्हणून गोटे गोल हवेत, गुळगुळीत हवेत, एकाच मापाचे हवेत आणि धुतलेले हवेत. माप जास्तीत जास्त ४० मिलिमीटर. वेगवेगळी मापं मिसळली तर मोठ्यांच्या फटीत लहान बसतात आणि पट्टा घट्ट होतो. क्रशरची खडी तर मुळातच टोकदार, तिचे कोपरे एकमेकांत अडकतात. रस्त्याच्या थरात आपण ती त्याच गुणासाठी घालतो: दाबली की हलत नाही. इथे तोच गुण घात करतो. चाक तिच्यावरून निघून जातं.

हा फरक आकड्यांत बघितला की वाद मिटतो. अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांची आश्टो नावाची संघटना आहे. रॅम्पची लांबी काढायला तिच्या मार्गदर्शिकेतलं सूत्र जगभर वापरतात, आणि ते दहावीच्या मुलालाही सोडवता येईल. ताशी वेगाचा वर्ग करा. त्याला २५४ ने भागा. मग पट्ट्याचा प्रतिकार आणि चढ यांच्या बेरजेने भागा. पट्टा चढाचा असेल तर चढ मिळवायचा (पाच टक्के म्हणजे ०.०५), उताराचा असेल तर वजा करायचा. उत्तर मीटरमध्ये येतं. डांबरी रस्त्याचा प्रतिकार ०.०१२ धरतात. सैल टाकलेल्या फोडलेल्या खडीचा ०.०५. सैल, मिश्र गोट्यांचा ०.१०. आणि बारीक, गोल, एकाच मापाच्या गोट्यांचा ०.२५.

वरचाच ट्रक घ्या, ८८ च्या वेगाने आलेला, पट्टा सपाट. गोल गोट्यांत तो सुमारे १२२ मीटरमध्ये थांबतो. क्रशरच्या खडीत त्याला ६१० मीटर लागतात. तुमच्या घाटात सहाशे मीटर सरळ सपाट जागा असती तर आपल्याला हा प्रश्नच पडला नसता. गोट्यांचा पट्टा पाच टक्के चढाचा मिळाला तर अंतर शंभर मीटरच्या आसपास येतं. उलट पाच टक्के उताराचाच करावा लागला तर दीडशेच्या पुढे जातं. वेग ११७ असेल तर सपाट पट्ट्यावरही सव्वादोनशे मीटरपर्यंत धरा. जागेचं आणि वेगाचं नातं असं आहे, म्हणून कुणी तुम्हाला एकच ठरलेली लांबी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

या सूत्रात ट्रकचं वजन कुठेच नाही, हे लक्षात आलं का? जड गाडी जास्त खोल रुतते, तिला विरोधही तेवढाच जास्त होतो. म्हणून मर्यादेत भरलेला ट्रक आणि ओव्हरलोड ट्रक साधारण तेवढ्याच अंतरात थांबतात. ओव्हरलोडचं नुकसान आधीच झालेलं असतं, ड्रम तापण्यात.

आणखी काही मापं, कारण निवेदनात ती असली की समोरचा माणूस कागद बाजूला ठेवत नाही. पट्ट्याची खोली एक मीटर. पण तोंडाशी एकदम एक मीटर खोल ठेवायची नाही. सुरुवात ७५ मिलिमीटरने आणि पहिल्या तीस ते साठ मीटरमध्ये हळूहळू पूर्ण खोली. नाहीतर पुढची चाकं एकदम धरतात आणि मागचा माल केबिनवर येतो. रुंदी किमान आठ मीटर, जागा असेल तर दहा-बारा, म्हणजे एक ट्रक आत असताना दुसरा आला तरी निभावेल. पट्टा पूर्ण सरळ, आणि मुख्य रस्त्यापासून अगदी थोड्या कोनात फुटलेला, कारण नव्वदच्या वेगात कुणी वळत नसतं. बाजूला क्रेनसाठी तीन मीटरची पक्की वाट. आणि जमिनीत पक्के रोवलेले काँक्रीटचे ठोकळे, ओढणाऱ्या क्रेनला स्वतःला बांधून घ्यायला. पट्ट्यात रुतलेला भरलेला ट्रक साध्या ओढगाडीने निघत नाही. तिलाच आत ओढून घेतो.

दीडशे मीटर लांब, दहा मीटर रुंद, एक मीटर खोल म्हणजे दीड हजार घनमीटर गोटे. मोठ्या टिपरच्या शंभरेक खेपा. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या आपल्या नद्या, पण नदीतून काही उचलायचं म्हटलं की परवानगी आलीच, आणि पात्रात मिळेल ते एकाच मापाचं, चिखल नसलेलं असेल असंही नाही. चाळून, धुऊन घ्यावं लागतं. लांबून आणायची वेळ आली तर गोट्यांपेक्षा वाहतूक महाग पडते. दोन दिवसांत काम उरकायचं म्हणून ठेकेदार क्रशरकडे वळतो तो इथेच. निविदेतच ‘गोल, न फोडलेले’ असं लिहिलेलं असलं पाहिजे.

मातीचा किंवा वाळूचा ढीग टाकायचाही आग्रह होतो. अगदीच जागा नसेल तिथे वाळूचे ढीग वापरतात, पण ट्रक त्यात फार झटक्याने थांबतो, उसळतो, ड्रायव्हरला मार बसतो. आपल्याकडे तर पहिल्या वळवाच्या पावसातच मातीचा ढीग बसतो आणि जूनअखेर त्याची भिंत झालेली असते. नुसता डांबरी चढाचा रस्ताही काही ठिकाणी करतात. त्यात गाडी वर जाऊन थांबते आणि ब्रेक नसल्यामुळे उलटी मागे येते. ट्रेलर असेल तर आडवा होतो. म्हणून चढ आणि गोटे एकत्र, हे सगळ्यात चांगलं.

थोडक्यात इथवरचं: ब्रेक तापून जातात, पाचशे मीटरमध्ये वेग दुप्पट होतो, म्हणून तोंड वळणाच्या वर हवं, आणि थांबवण्याचं काम गोट्यांचा सैलपणा करतो, खडीचं वजन नाही.

आता सगळ्याच घाटांत का करत नाहीत याकडे वळू. इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. तवंदी आणि वंटमुरी हे दोन्ही घाट महामार्ग ४८ वर, दोन्ही बेळगाव जिल्ह्यात, दुभाजकाचे. उतरणाऱ्या गाडीला समोरून कुणी येत नाही, डाव्या बाजूला माळ आहे, आणि रस्ता एकाच यंत्रणेकडे, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. जागा शोधली तर मिळण्यासारखी आहे. म्हणून तुमची मागणी मला रास्त वाटते.

चोर्ल्याचं तसं नाही. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीपर्यंत आपण पठारावर असतो, कर्नाटकात. खरा उतार पुढे, केरीच्या दिशेने, गोव्याच्या हद्दीत. अनमोडला रामनगर सोडलं की तसंच, खाली मोले. आंबोलीला जाणारी गाडी बेळगावात भरते, शिनोळीहून चंदगड तालुक्यातून जाते आणि उतरते सिंधुदुर्गात. म्हणजे चोर्ला, अनमोडला ब्रेक तपासायचा थांबा घाटमाथ्यावर एका राज्यात हवा आणि रॅम्प दुसऱ्या राज्यात; आंबोलीला गाडी भरते एका राज्यात आणि घाट उतरते दुसऱ्यात. दोन राज्यांच्या दोन खात्यांनी एकच उतार एकत्र बसून पाहिल्याशिवाय हे जुळत नाही. शिवाय एका बाजूला भीमगड अभयारण्य, दुसऱ्या बाजूला म्हादई. दीडशे मीटर सरळ पट्टा कापायचा म्हणजे जंगल तोडायचं. रस्ता दुपदरी, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. उतरणाऱ्या गाडीच्या डाव्या हाताला दरी असेल तर पट्टा उजव्या बाजूला जातो आणि ट्रकला समोरून येणाऱ्या गाड्या कापून जावं लागतं. अशा ठिकाणी रॅम्पचा हट्ट मी धरणार नाही. तिथे माथ्यावर सक्तीचा थांबा, जड गाड्यांवर वेगमर्यादा आणि अवजड वाहतूक दुसऱ्या रस्त्याने वळवणं, हेच जास्त जीव वाचवतं.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत ३,००० मीटरपेक्षा कमी उंचीच्या तीव्र डोंगराळ भागात नेहमीचा उतार सहा टक्के, मर्यादा सात आणि अगदी अपवाद म्हणून आठ टक्के धरतात. पण टक्क्यांपेक्षा मला लांबीची धास्ती जास्त वाटते. आठ टक्क्यांचा दोनशे मीटरचा तुकडा ट्रक पचवतो. पाच टक्क्यांचा सलग पाच किलोमीटरचा उतार ड्रम लाल करतो, आणि तो डोळ्यांना उतार वाटतही नाही.

जागा कशी शोधायची? इथे तुम्ही गावकरी इंजिनिअरपेक्षा जास्त उपयोगी आहात. गेल्या काही वर्षांत कुठे गाडी उलटली, कुठला कठडा तुटला, कुठे दुभाजकावर चढली, हे किलोमीटरच्या दगडासकट लिहून काढा. उतारावरच्या पंक्चरवाल्याला, ढाबेवाल्याला विचारा की जळक्या लायनरचा वास कुठून सुरू होतो. तो माणूस रोज तिथे असतो, त्याचं उत्तर पक्कं असतं. आम्ही घाटाच्या पायथ्याला, गाड्या थांबतात तिथे, ड्रायव्हरची परवानगी घेऊन लांबून तापमान मोजणाऱ्या पिस्तुलाने ड्रम मोजायचो. रिमच्या भोकातून लाल ठिपका ड्रमवर धरायचा. खालच्या गिअरमध्ये उतरलेल्या गाडीचा ड्रम आणि ब्रेकवर उतरलेल्या गाडीचा ड्रम यांतला फरक स्क्रीनवर बघितला की ड्रायव्हर स्वतःच गप्प होऊन दुसऱ्याला बोलावतो. एक पाहिलेली गोष्ट सांगतो: काही जण तापलेल्या ड्रमवर बादलीने पाणी मारतात. वाफेचा लोट उठतो, बघायला बरं वाटतं, आणि बिडाच्या ड्रमला बारीक तडे जातात. पुढच्या घाटात तो ड्रम दगा देतो. गाडी बाजूला घेऊन थांबणं, एवढाच इलाज.

रॅम्प झाला की काम संपलं असं वाटतं, आणि माझा सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. पट्टा सैल आहे तोवरच तो रॅम्प आहे. आपल्या भागात तो सैल राहत नाही. खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती पावसात वाहून येते, निपाणीकडे काळ्या रानाची धूळ उडून बसते. फटी भरतात, वर गवत माजतं, आणि दोन पावसाळ्यांत त्या पट्ट्यावरून जनावरं निवांत चालत जातात. जनावर रुतत नसेल तर ट्रकही पुरेसा रुतणार नाही. म्हणून खाली पाण्याचा निचरा करणारे भोकांचे पाइप, मातीला अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि डोंगराकडचं पाणी बाहेरच्या बाहेर नेणारं गटार, हे गोट्यांइतकंच महत्त्वाचं. वर्षातून एकदा तरी पट्टा पूर्ण खोलीपर्यंत उसकटायचा. ट्रक आत जाऊन निघाला की त्याच दिवशी चाकोऱ्या बुजवून पुन्हा सैल करायचा, कारण दुसरा ट्रक त्याच चाकोरीतून आला तर पुढेपर्यंत निघून जातो.

तपासायला यंत्र लागत नाही. पहार घ्या आणि पट्ट्याच्या मधोमध उभी दाबा. गोटे किर्र आवाज करत बाजूला झाले आणि पहार हलवत हलवत खोल गेली तर पट्टा जिवंत आहे. हातभर गेल्यावर टणक लागलं तर तिथे खोदा, गोटे हातात घ्या. बोटांना चिखल लागला, दोन गोटे एकमेकांना चिकटून आले, म्हणजे पट्टा धुवायची नाहीतर बदलायची वेळ झाली. हे काम कुणीही करू शकतं आणि मे महिन्यात केलं पाहिजे.

ड्रायव्हरचंही बघा. नव्वदच्या वेगात त्याच्या डोक्यात पट्टा सुरक्षित आहे का हा प्रश्न नसतो. क्रेनचं बिल कोण देणार, माल सांडला तर मालक काय म्हणेल, पोलिस केस होईल का, हे असतं. ‘पुढे बघू’ म्हणून तो तोंड सोडून पुढे जातो. म्हणून निवेदनात हे लिहाच: पट्ट्यात गेलेल्या गाडीचा ओढून काढायचा खर्च चालकावर टाकू नये, आणि तसं फलकावर छापावं. फलक एक किलोमीटर आधी, पाचशे मीटर आधी आणि तोंडाशी. कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं असू द्या, पण या रस्त्यावर तमिळनाडूपासून राजस्थानपर्यंतच्या गाड्या धावतात, तेव्हा मुख्य भार चित्रावर. तोंडाशी रस्त्यावर लाल-पांढऱ्या चौकटी, रात्री चमकणाऱ्या. तसं नसेल तर धुक्यात मोटारसायकलवालाही तो रस्ता समजून आत घुसेल. आणि त्या तोंडाशी उसाच्या रसाचा गाडा, चहाची टपरी, उभा ट्रक यांतलं काहीही एका रात्रीपुरतंही नको. हे गावाला सांभाळावं लागेल, अधिकारी रोज येणार नाही.

पट्ट्यात शिरायची वेळ आलीच तर: स्टिअरिंग सरळ, दोन्ही हात घट्ट, इंजिन बंद करायचं नाही कारण पॉवर स्टिअरिंग त्याच्यावर आहे, बेल्ट लावलेला असावा, उडी मारायची नाही. ८८ च्या वेगाने आलेली गाडी दहाएक सेकंदांत थांबते. झटका जोराच्या ब्रेकइतका असतो. सळ्या, पाइप, पत्र्याची कॉइल असा माल नीट बांधलेला नसेल तर तो केबिनमध्ये येऊ शकतो, हा धोका खरा आहे आणि रॅम्प तो घालवू शकत नाही.

उसाच्या हंगामातल्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरसाठीही रॅम्प धरू नका. ट्रॉल्यांना बऱ्याचदा स्वतःचा ब्रेक नसतो. पुढे ट्रॅक्टर रुतला की मागून त्या त्याला ढकलतात आणि आडव्या येतात. त्यांनी घाट एका ट्रॉलीने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दिवसाच उतरावा. कारखान्याच्या गट कार्यालयात हे बोलून घ्या, ते रॅम्पपेक्षा लवकर होईल.

तर निवेदन प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. मागणी अशी ठेवा: उताराचा लांबीनिहाय आलेख आणि अपघातांच्या जागा एकत्र मांडून जागा निवडावी, पट्टा गोल व न फोडलेल्या गोट्यांचा असावा, माथ्यावर ब्रेक तपासणीचा थांबा असावा, आणि देखभाल करारात वार्षिक उसकटणी वेगळी लिहिलेली असावी. रस्त्यात तुटलेला कठडा, बंद दिवा, उभा ट्रक दिसला तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर आजही कळवता येतं, आणि त्या तक्रारींचे क्रमांक निवेदनाला जोडले तर त्याचं वजन वाढतं. किलोमीटर दगडांची यादी तयार झाली की मला पाठवा. वळणांची त्रिज्या आणि उतार हाताशी आला तर तोंड कुठे पडेल ते आकडे मांडून सांगतो.